बोट पेंटरचं, बोलणं कुणाचं?

फर्निचरच्या गोदामावर तो हॉल होता. खुर्च्या दोनशे, माणसं अडीचशे. उरलेली पन्नास भिंतींना टेकून उभी. व्यासपीठावर एक टेबल, टेबलावर एक पांढरी पाटी आणि पाटीवर मुळाक्षरं. खालच्या ओळीत काना, मात्रा, वेलांट्या. वर टांगलेल्या कॅमेऱ्यातून ती पाटी मागच्या पडद्यावर दरवाजाएवढी मोठी दिसत होती. टेबलाशी एकामागून एक आणून बसवली जात होती ती माणसं मुकी होती. कुणी जन्मापासून, कुणी अपघातानंतर, कुणी आजाराने. आणि ती सगळी बोलत होती.

"जीभ मातीची असते," दुभाषे म्हणाले. "मातीची वस्तू फुटायचीच. पण भाषा मातीची नाही. ती आत्म्याची. मडकं फुटलं म्हणून पाणी मरतं का?"

"नाही," हॉल म्हणाला.

"मी काय करतो? काही नाही. मी फक्त मनगट धरतो. दोरी त्यांची, विहीर त्यांची. मी नुसता रहाट!"

त्यांचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. देहाची आणि आत्म्याची गाठ घालून देतात म्हणून सगळे त्यांना दुभाषे म्हणत. पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. लपवायला जागाच नाही, असं न बोलता सांगणाऱ्या बाह्या.

चौथा नंबर माझ्या मामाचा होता.

मामा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. सगळा बाजार त्याला पेंटर म्हणून ओळखायचा. पाच महिन्यांपूर्वी हृदयातून निघालेली रक्ताची गुठळी मेंदूत जाऊन अडकली, आणि एका सकाळी त्याची उजवी बाजू लुळी पडली. बोलणं गेलं. पदरात राहिला एकच शब्द, "नको." चहा देऊ? नको, आणि चहा पिऊन टाकायचा. टीव्ही लावू? नको, आणि बघत बसायचा. तो शब्द त्याच्या तोंडातून शिंकेसारखा यायचा. मग घरात त्या शब्दाकडे कुणी लक्ष देईना.

दुभाष्यांनी मामाचं लुळं मनगट अलगद उचललं आणि तर्जनी पाटीवर धरली. मामा म्हणाला, "नको."

"ही जीभ बोलली," दुभाषे लोकांकडे वळून हसले. "मातीचं ऐकू नका. आता आतल्याला ऐका."

बोट थरथरलं. मग टोचा मारावा तसं एका अक्षरावर पडलं. मग दुसऱ्या. मागच्या पडद्यावर एकेक अक्षर उमटत गेलं.

मी आत आहे.

हॉलमधून एक मोठा श्वास गेला. माझ्या शेजारी मामीने तोंडावर हात दाबला, तरी हुंदका फुटलाच. खोटं कशाला सांगू, मीही रडले. पाण्याच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत मी नोकरी करते. मोजल्याशिवाय काही मानायचं नाही ही माझी रोजची शिस्त. त्या दिवशी ती शिस्त चपलांबरोबर बाहेर राहिली असावी.

मामीने मोबाइलवर चित्रण केलं होतं. आल्यागेल्या प्रत्येकाला ती ते दाखवायची. तिसऱ्यांदा बघताना मला एक गोष्ट खटकली. सगळा हॉल पाटीकडे बघत होता, दुभाषे पाटीकडे बघत होते, आणि मामा बघत होता भिंतीकडे. तिथे कुणीतरी 'धूम्रपान मनाई' असं वेडंवाकडं रंगवलेलं होतं. पेंटरची नजर तिथून हलायला तयार नव्हती. आणि त्याच वेळी त्याचं बोट, एकदाही न चुकता, पन्नासेक अक्षरांतून नेमकी हवी ती टिपत होतं.

मी मोबाइलचे अंकही न बघता टिपू शकत नाही.

"मामी, मामा पाटीकडे बघतच नाहीये."

"दुभाष्यांनी सांगितलंय ते. आत्म्याला डोळे लागत नाहीत."

विषय संपला.

पुढच्या आठवड्यात मामी दुभाष्यांच्या शिबिराला गेली. तीन दिवसांत तिला मनगट धरता येऊ लागलं. शिबिरातले नियम तिने वहीत लिहून आणले होते. पाटीवरून नजर हलवायची नाही. शंका मनात आणायची नाही, शंकेने आत्मा मिटतो. आणि शेवटी एक सूचना होती. औषधांनी आपली जीभ बांधली गेली, अशी तक्रार पुष्कळ आत्मे करतात. तशी तक्रार आली तर घाबरू नये.

तेव्हापासून घरात मामा रोज दोन तास बोलू लागला. बोलणं शुद्ध आणि गोड असायचं. "तू माझ्यासाठी किती कष्ट घेतलेस." "परमेश्वराने मला शांत केले आहे." हाच मामा शिडीवरून खालच्या रिक्षावाल्याला अशा शिव्या द्यायचा की रिक्षावाला वही घेऊन उतरवून घ्यायला यावा. पण मामी इतकी खूश होती की मी गप्प बसले. आजारी माणसाच्या घरात कुणाला चार घटका बरं वाटत असेल तर आपण कशाला मध्ये तोंड घालायचं, असा माझा शहाणपणा.

एका संध्याकाळी मी मामाचा औषधांचा डबा उघडला. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांचा कप्पा रिकामा होता.

"मामी, मामाच्या गोळ्या?"

"बंद केल्यात."

"डॉक्टरांनी सांगितलं?"

"ह्यांनी सांगितलं."

तिने वही उघडून दाखवली. पाटीवर आलेलं प्रत्येक वाक्य ती तारीख घालून उतरवून ठेवत असे. एकोणीस दिवसांपूर्वीची नोंद होती: गोळ्या नको. त्यांनीच माझी जीभ बांधली आहे.

"मामी, त्या गोळ्यांनी गुठळी होऊ नये म्हणून... हे बघ, मामाच्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत. गोळी थांबली तर पुन्हा झटका येऊ शकतो. हे कोण बोलतंय ते तरी बघ!"

"कोण बोलतंय? माझा नवरा बोलतोय." तिचा आवाज चढला. "अगं, तीस वर्षांत 'भाजीत मीठ कमी आहे' यापलीकडे धड एक वाक्य बोलला नाही हा माणूस माझ्याशी. आता रोज बोलतोय. तुला बघवत नाही?"

गोळ्या पुन्हा द्यायला ती काही केल्या तयार होईना. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी इस्पितळात वाचाबाईंकडे गेले. झटक्यानंतर बोलणं गेलेल्या रुग्णांना त्या पुन्हा बोलायला शिकवत. वॉर्डातल्या लोकांनीच त्यांना ते नाव दिलं होतं. मामाला त्यांनी दीड महिना शिकवलं होतं. नंतर मामीने न्यायचं बंद केलं.

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "तुझ्या मामाला शेवटचं आणलं तेव्हा मी त्याला 'क' दाखव म्हटलं. त्याने 'म' दाखवला. जन्मभर अक्षरं रंगवलेला माणूस! लोकांना वाटतं, जिभेला कुलूप लागलंय आणि आत सगळी वाक्यं तयार बसलीत. तसं नसतं. मेंदूत जिथे वाक्य जुळतं तिथेच इजा झालीय. जो जुळवून बोलू शकत नाही, तो जुळवून लिहूही शकत नाही, निदान असं पानंच्या पानं तर नाहीच. तो महिनाभरात शुद्ध लिहायला लागला असेल तर मी उद्या राजीनामा देते."

"म्हणजे मामाला आता काही कळत नाही?"

"असं कधी म्हटलं मी? कळतं. दुखतं, आवडतं, राग येतो, माणसं ओळखतो. भाषा गेली म्हणजे माणूस गेला नाही. हाच तर घोटाळा आहे. तुमच्या त्या दुभाष्याला मोडकी भाषा चालत नाही, म्हणून त्याने माणूसच बदलून टाकला."

"पण बाई, मामी खोटं बोलणारी नाही हो."

"तुला कोण म्हणालं ती खोटं बोलते?" त्यांनी खणातून कपाटाची किल्ली काढली, दोऱ्याला बांधली आणि दोरा माझ्या चिमटीत दिला. "कोपर टेकव. हात हलवू नकोस. नुसतं मनात म्हण, गोल फिर."

मी हात हलवला नाही. शपथेवर सांगते, नाही हलवला. पंधरा सेकंदांत किल्ली गोल फिरू लागली.

"आता म्हण, पुढे-मागे."

किल्ली पुढे-मागे होऊ लागली.

"आपण मनात जे धरतो ते स्नायू बारीक बारीक करून टाकतात, आपल्याला पत्ता न लागू देता," त्या म्हणाल्या. "आता किल्लीच्या जागी लुळा हात ठेव, आणि धरणारी बाई तीस वर्षं एका वाक्याची वाट बघत बसलेली आहे असं समज."

आमच्या प्रयोगशाळेत एक पद्धत आहे. पाण्याची बाटली कुठल्या विहिरीची आहे हे तपासणाऱ्याला कधीच सांगत नाहीत, बाटलीवर नुसता आकडा असतो. ठिकाण माहीत असलं की प्रामाणिक माणसालाही गढूळ पाणी थोडं जास्तच गढूळ दिसतं. मी बाईंना म्हटलं, आपण मामाची अशीच तपासणी करू या. बाईंनी दहा पाकिटं केली. प्रत्येकात दोन चित्रं, एक मामासाठी, एक मामीसाठी. काही पाकिटांत दोन्ही सारखी, काहींत वेगळी. कशात काय, हे मलाही सांगितलं नाही.

मामी लगेच तयार झाली. "कर की! तुझी खात्री पटू दे. हेच सांगतील तुला."

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलाशी आम्ही बसलो. मामा आणि मामी यांच्यामध्ये मी एक पुठ्ठा उभा केला. त्याच्या दोन्ही बाजूंना खाचा होत्या. मी चित्रं पालथी धरून, न बघता, एकेक खाचेत सरकवायची. मामाला मामाचं दिसेल, मामीला मामीचं. पाटी मामीच्या समोर, आणि मामाचा लुळा हात पुठ्ठ्याच्या कडेने तिच्याकडे.

"अहो, काय दिसतंय ते सांगा हिला," मामी म्हणाली आणि मामाचा हात उचलला.

"नको," मामा म्हणाला.

पहिल्या पाकिटाला पाटीवर आलं, छत्री. दुसऱ्याला खुर्ची. तिसऱ्याला किल्ली. मामी माझ्याकडे बघून हसत होती. सहाव्या पाकिटाला मात्र मामा एकदम पुढे झुकला. डावा हात, चांगला हात, त्याने पुठ्ठ्याकडे नेला आणि चित्रावर तळवा ठेवून तो तसाच बसला. पाटीवर त्याचा उजवा हात लिहीत होता, कंगवा.

दहा झाल्यावर मी बाईंची बंद यादी फोडली. पाच पाकिटांत दोघांना एकच चित्र होतं. ती पाची उत्तरं बरोबर होती. पाचांत वेगळं होतं. त्या पाचही वेळा पाटीवर आलं ते मामीच्या बाजूचं चित्र. मामाचं एकदाही नाही. सहाव्या पाकिटात मामीला कंगवा होता.

"आणि ह्यांना?" मामीने विचारलं.

मी पुठ्ठा फिरवला. रंगाच्या डब्यात उभा ठेवलेला ब्रश होता.

मामीने तो ब्रश बघितला. मग तिने मामाचा हात हळूच टेबलावर ठेवला, गरम भांडं ठेवावं तसा.

"मग महिनाभर मी कुणाशी बोलत होते गं?"

"मामी, तू मुद्दाम..."

"ते नको सांगूस. कुणाशी बोलत होते?"

तिला उत्तर माहीत होतं. वहीतलं प्रत्येक वाक्य तिला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं आणि प्रत्येक वाक्य तिनेच लिहिलं होतं. गोळ्यांचंही. शिबिरात कुणीतरी कानात टाकलेलं बी तिच्याच बोटांतून उगवलं होतं.

डॉक्टरांना फोन करून त्याच दिवशी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. तेवीस दिवसांचा खंड पडला होता.

सोमवारी वाचाबाई घरी आल्या. त्यांनी मामासमोर मोजकी चित्रं ठेवली. पाणी, खिडकी, अंथरूण, माणसाच्या शरीराची आकृती, मामीचा फोटो. मनगट कुणी धरायचं नाही. मामाला वेळ द्यायचा. "तो चुकेल, थांबेल, कंटाळेल. थांबू द्या," बाई म्हणाल्या.

अकरा मिनिटं काहीच झालं नाही. मग मामाचा डावा हात उठला आणि त्याचं बोट आकृतीच्या उजव्या खांद्यावर टेकलं.

"दुखतंय?" बाईंनी विचारलं, आणि चेहरा वाकडा केलेलं चित्र पुढे धरलं. मामाने त्यावर बोट ठेवलं, मग पुन्हा खांद्यावर.

बाईंनी सदऱ्याची बटणं काढून खांदा चाचपला. लुळा हात सांध्यातून बोटभर खाली उतरला होता. लुळा खांदा धरून ठेवायला स्नायूंत जोर नसतो, तो हात असा रोज ओढायचा नसतो. महिनाभर, रोज दोन तास, तो दुखरा खांदा ताणून आम्ही पेंटरकडून "परमेश्वराने मला शांत केले आहे" असं लिहून घेत होतो. तो नको म्हणत होता.

तो प्रत्येक वेळी विचार करूनच नको म्हणत होता का, हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण त्याच्या चेहऱ्याकडे आम्ही बघितलं असतं तर ते विचारायचीही गरज पडली नसती.

मामाला चार दिवस मिळाले. चार दिवसांत तो सहा गोष्टी बोलला. खांदा दोनदा, पाणी, खिडकी उघडा, अंथरूण, आणि एकदा मामीचा फोटो. हे शेवटचं कळल्यावर मामी स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. शुक्रवारी सकाळी त्याला दुसरा झटका आला. पहिल्यापेक्षा मोठा. सहा दिवस बेशुद्ध राहून तो गेला.

गोळ्या चालू असत्या तर वाचला असता का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "एका माणसाचं असं सांगता येत नाही. शंभर जणांचं विचारलंत तर सांगतो. चालू असल्या तर बरेच वाचतात." मी हे उत्तर मामीला जसंच्या तसं सांगितलं. कमी केलं नाही, वाढवलंही नाही.

तीन आठवड्यांनी मामी म्हणाली, "हॉलवर जायचंय. चल."

हॉल पुन्हा भरलेला होता. टेबलाशी विशीतली एक मुलगी होती. अपघातात तिच्या डोक्याला मार लागला होता, मान एका बाजूला कललेली, नजर खिडकीत. शेजारी तिचा बाप, गिरणीच्या निळ्या कपड्यांतच आलेला. दुभाष्यांनी मुलीचं मनगट धरलं होतं आणि पडद्यावर अक्षरं उमटत होती. बाबा, रडू नका.

मामी उठली, सरळ व्यासपीठापाशी गेली. दुभाष्यांनी तिला ओळखलं.

"या ताई! पेंटर मुक्त झाले, कळलं आम्हाला. जाताना शांत होते ना?"

"ते तुम्ही सांगा. तुम्हालाच तर कळतं." मामीचा आवाज अगदी सपाट होता. "एक विचारायचं होतं. आत्म्याला डोळे लागत नाहीत ना?"

"नाहीत, ताई."

"मग तुम्हाला कशाला लागतात?"

कुणीतरी खुसकन हसलं. दुभाषेही हसले. "मी रहाट आहे, ताई."

"रहाटाला तरी कुठे असतात? मिटा डोळे. मनगट सोडू नका. मुलगी काय लिहायचं ते लिहील."

"शंकेच्या जागी आत्मा मिटतो," दुभाषे लोकांना म्हणाले. "दुःखाने माणसाचं मन असं होतं. समजून घ्या त्यांना."

काही लोक "बसा खाली" म्हणून ओरडले. पण मुलीचा बाप उभा राहिला. "मिटा की साहेब," तो म्हणाला. "एवढी साधी गोष्ट आहे. माझी पोरगी सांगेल ना."

आता नाही म्हणायची सोय नव्हती. दुभाष्यांनी डोळे मिटले. बोट सरकलं आणि बाबा एवढं बरोबर आलं. मी व्यासपीठाच्या कडेला उभी होते. मला त्यांच्या पापण्यांतली फट दिसली. मामीलाही दिसली. तिने पिशवीतून मामाची इस्पितळाची फाइल काढली आणि ती त्यांच्या डोळ्यांच्या आणि पाटीच्या मध्ये आडवी धरली.

बोट थांबलं. मग चाललं. पडद्यावर आलं ठ, एक वेलांटी, पुन्हा ठ, मग दोन अक्षरांमधली मोकळी जागा. मग बोट पाटीच्या कडेवरून घसरलं आणि टेबलावर टोचे मारत राहिलं. अडीचशे माणसांनी ते दरवाजाएवढं मोठं बघितलं. मुलगी खिडकीतच बघत होती.

दुभाष्यांनी डोळे उघडले. "बघितलंत? शंकेने..."

"बघितलं," बाप म्हणाला. त्याने मुलीचा हात त्यांच्या हातातून सोडवून घेतला.

सगळे उठून गेले असं समजू नका. मी मोजले. बेचाळीस जण गेले. उरलेल्यांनी रिकाम्या खुर्च्या धरल्या आणि पुढचा नंबर पुकारला गेला. दुभाष्यांवर तक्रार केली आहे, चौकशी चालू आहे. पण त्या दोनशे जणांना फसवायला एकटे दुभाषे पुरले नसते. आपलं माणूस आपल्याशी बोलावं ही इच्छा त्यांच्या मदतीला होती, आणि त्या इच्छेत वाईट काहीच नाही. म्हणूनच तिच्यावर नजर ठेवावी लागते.

तुमच्या घरात किंवा ओळखीत मुक्या माणसाच्या वतीने कुणी बोलू लागलं, तर मनगट धरणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक पुठ्ठा धरा. खरं असेल तर पुठ्ठ्याने काही बिघडणार नाही. पाटीवर कितीही गोड वाक्य आलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक गोळी बंद करू नका. आणि सगळे पाटीकडे बघत असतील तेव्हा तुम्ही त्या माणसाच्या तोंडाकडे बघा.

गिरणीवाला बाप दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन वाचाबाईंकडे आला. आता तो रोज पाळी संपली की येतो. बाई मुलीसमोर चार चित्रं मांडतात. मुलीने अजून एकावरही बोट ठेवलेलं नाही. बाप समोर बसून असतो. परवा बाईंनी त्याला विचारलं, "कंटाळा येत नाही?"

"येतो," तो म्हणाला. "पण आता बोलली तर तीच बोलेल." आणि त्याने आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.